बोरसे सरांनी न दिलेला प्रबंध

बोरसे सरांना खुर्चीत बसून वाचताना मी कधी पाहिलं नाही. धुळ्याच्या आमच्या अध्यापक महाविद्यालयात मी ग्रंथपाल होते. वाचनकक्षात चांगल्या सागवानी खुर्च्या होत्या, वर पंखा होता, तरी सर पुस्तक घेऊन खिडकीशी उभे राहत. एक पाय सारखा हलत असे. दोन-तीन पानं झाली की कपाटांच्या मधल्या बोळातून एक फेरी, परत खिडकी, परत दोन-तीन पानं. नवीन आलेल्या विद्यार्थ्यांना वाटे, सरांचं काहीतरी हरवलं आहे. मीही नवीन असताना न राहवून विचारलं होतं, "सर, काही शोधताय का?"

"शोधतोयच की बाई. बी.एड.च्या पोरांना शिकवतो म्हणजे सापडलंय असं थोडंच?"

"मग बसून तरी वाचा."

"बसलं की माणूस निष्कर्षाला येतो," ते म्हणाले आणि फेरीला गेले.

पुढे हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कितीदा ऐकलं असेल. घाईने मत बनवणाऱ्या कोणाहीबद्दल ते म्हणत, "बसलेला माणूस आहे तो." मुलांची गळती आणि एकाच वर्गात अडकून राहणं, म्हणजे स्थगिती, यांवरचे सरकारी अहवाल आमच्याकडे येत. मुलं शाळा का सोडतात याचं कारण त्यांत बहुधा एका शब्दात दिलेलं असे: पालकांची उदासीनता. सर अहवाल मिटून माझ्या टेबलावर ठेवत. "दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाईला उदास व्हायला वेळ कुठे असतो हो? हे बसून लिहिलेलं आहे."

ते स्वतः तालुक्याच्या खेड्यातले, आईवडील शेतकरी. वर्गात स्वच्छ पुस्तकी मराठी बोलत, पण चिडले किंवा खूश झाले की अहिराणी फुटे. ऐंशीच्या दशकात, पन्नाशी जवळ आलेली असताना, त्यांनी पीएच.डी.ला नाव नोंदवलं. विषय होता शिंदखेडा तालुक्यातल्या मुलींची माध्यमिक शाळेतली गळती. महाविद्यालयात कुजबुज अशी की प्राचार्यांची निवृत्ती जवळ आली आहे आणि त्या जागेला पीएच.डी. लागणार, म्हणून बोरसेंची धावपळ. ती कुजबुज खोटी नव्हती. सरांना प्राचार्य व्हायचं होतं आणि ते हे लपवतही नसत. "एकदा ती खुर्ची मिळाली ना बाई, तर सराव पाठांना बी.एड.च्या पोरांना शहरातल्या शाळांत पाठवणार नाही. खेड्यात पाठवीन. बघू द्या शाळा काय चीज असते ते."

नमुन्यात बरीच गावं होती. रविवारी आणि सुट्टीत सर एस.टी.ने जात, प्रश्नावल्या भरून आणत. काही दिवसांनी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "बाई, एक अडचण आहे. बाप बोलतात, आया आतून ऐकतात. आयांशी बोलायला बाईमाणूस लागतं. याल का?" मला माणसांत फार वावरता येत नाही. तरी मी गेले. त्यांच्या त्या हलत्या पायामुळे असेल, नाही म्हणणं म्हणजे त्यांना अडवून धरल्यासारखं वाटे.

सगळी गोष्ट एका गावाची आहे. त्या गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीसाठी नदीपलीकडच्या मोठ्या गावी जायचं. मुलगे नदीपात्रातून पायी येत-जात. मुली मुक्कामी एस.टी.ने. ती गाडी रात्री गावात मुक्काम करी आणि सकाळी मुलींना घेऊन निघे. आदल्या वर्षापर्यंत मुली जातही होत्या. मग एका हिवाळ्यात, ऐन शाळेच्या वर्षात, जवळजवळ सगळ्या घरी बसल्या. कारणाच्या रकान्यात सगळीकडे एकच नोंद होती, घरकाम.

सरांनी त्या प्रश्नावल्या माझ्यापुढे पसरल्या. "काय दिसतं?"

"घरकाम," मी म्हटलं. "नेहमीचंच आहे."

"नेहमीचं नाही. चार घरं घ्या, चार कारणं निघतात. कोणाकडे म्हातारी आजारी, कोणाकडे लग्न ठरलंय, कोणाची पोर नापास. इथे बठ्ठ्या, सगळ्याच घरी एकच कारण, आणि तेही एकाच वाक्यात. 'घरमा काम ऱ्हास, पोर शाळामा जाई कशी?' शब्द न् शब्द तोच. ही उत्तरं नाहीत बाई, हा ठराव आहे."

ठराव कोणी केला, हे कळायला मला त्या गावी बऱ्याच फेऱ्या माराव्या लागल्या. चुलीजवळ बसायचं, चहा घ्यायचा, शेंगा सोलू लागायच्या. मी मुळात कमी बोलणारी, त्याचा तिथे उपयोग झाला. एका मुलीची आई शेवटी बोलली. सर ओट्यावर उभे होते, मी आत. तिने आधी माझ्या हातातल्या पेन्सिलीकडे पाहिलं.

"तुम्हीन हाई लिखी लेशात का?"

मी काही म्हणायच्या आत ओट्यावरून सरांचा आवाज आला. "बाई, लिहू नका. नुसतं ऐका." मग तिला, अहिराणीत, "बोल वं माय. कोठेच लिखाव नही."

ती म्हणाली, "ती साडेसातनी गाडी शे ना. शाळा सुटस पाचले. हिवाळामा अंधार पडी जास. पोरी फाटावर उभ्या ऱ्हातस. टपरीवर कोन कोन बठेल ऱ्हातस." मग चूल सारखी करता करता तिने बाकीचं सांगितलं. त्या टपरीवर एका मुलीचं नाव घेतलं गेलं होतं. घडलं काहीच नव्हतं, फक्त नाव घेतलं गेलं, आणि ते नातेवाइकांपर्यंत पोहोचलं. तिचं ठरत आलेलं लग्न मोडलं. तेव्हा गावातल्या बायकांनी आपसात ठरवलं की मुली घरी ठेवायच्या आणि कोणी विचारलं तर घरकाम सांगायचं. फाट्याचं कारण सांगितलं असतं, तर पुढचा माणूस विचारणार होता, फाट्यावर काय झालं, कोणाच्या पोरीचं. आणि मग प्रत्येक घरातली मुलगी त्या प्रश्नाखाली आली असती.

"हाई पुस्तकमा नको लिखू, भाऊ," ती उंबऱ्याशी येऊन सरांना म्हणाली. "दुसऱ्या पोरीस्ना बी लगीन मोडतीन."

"नही लिखाव," सर म्हणाले.

परतीच्या गाडीत जागा असूनही ते दांडा धरून उभे होते. धुळ्याला उतरताना म्हणाले, "आता काय करायचं बाई? कारण कळलं."

मला वाटलं, कारण कळलं म्हणजे संशोधन झालं. सरांना तसं वाटलं नाही. पुढच्या आठवड्यात ते डेपोत जाऊन उभे राहिले. मुक्कामी गाडी लवकर सोडा, शाळा सुटता सुटता फाट्यावर आली पाहिजे, एवढी त्यांची मागणी. कारण विचारलं की म्हणत, "मुलींचा अभ्यास होत नाही." कंट्रोलर मोठा मिश्कील माणूस होता. तो म्हणाला, "सर, गाडी सहाला गावात पोचली तर माझ्या ड्रायव्हर-कंडक्टरने झोपेपर्यंत तिथे करायचं काय? भजन?"

"करत असतील तर पेटी मी देतो."

"आणि जेवण? आता ते शिंदखेड्यात जेवून निघतात. लवकर निघाले तर उपाशी मुक्काम करतील होय? तुम्ही प्रबंध लिहा, टाईमटेबल आम्ही लिहितो."

सरांनी हे त्या आईच्या कानावर घातलं, सहज, मार्ग निघेल म्हणून नव्हे. पुढे सरपंच स्वतः डेपोत गेले. मुक्कामाच्या दोघांना गावाकडून जेवण मिळेल, घरोघर पाळी लावली आहे, कळण्याची भाकरी आणि जी भाजी असेल ती, असा निरोप त्यांनी दिला. पाळी बायकांनी लावली होती. ज्या गोष्टीबद्दल त्या एक शब्द बोलू शकत नव्हत्या, तिच्यासाठी रोजची भाकरी थापायला मात्र त्या तयार होत्या. गाडीची वेळ बदलली. जूनमध्ये मुली पुन्हा शाळेत दिसू लागल्या.

सरांचा आनंद फार टिकला नाही. त्याच गावची एक म्हातारी, तिला मी इथे दगूआक्का म्हणते, शनिवारी मोठ्या गावच्या बाजारात वांगी विकायला बसे आणि मुक्कामी गाडीने घरी परते. तिने सरांना भर बाजारात धरलं.

"या सर, या. तुन्या पोरी उजेडमा घर येतस, भलं झायं. आनि मना वांगा कोन लेस? बाजार ते संध्याकायले भरस. गाडी येस पाचले. मी काय वांगा फेकी देऊ?"

"आक्का, माझ्या लक्षात नाही आलं."

"तुना ध्यानमा कसं येई? तू वांगा इकस का? इतला शिकेल शे, एक गाडी हलाडी, मंग दुसरी आनाले काय व्हयनं?"

आजूबाजूच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. सरांनी तिच्या टोपलीतली उरलेली सगळी वांगी घेतली. पुढच्या शनिवारीही घेतली, त्याच्या पुढच्याही. घरी वहिनींनी भरीत केलं, भरली वांगी केली, शेजारी वाटली, शेवटी आमच्या ग्रंथालयातही पिशवी आली. "यांची पीएच.डी. वांग्यात चाललीय," वहिनी म्हणाल्या. मग एका सकाळी सर फेरी मारता मारता एकदम थांबले आणि कपाळाला हात लावला. शनिवारी शाळा सकाळची असते. मुली दुपारीच सुटतात आणि भर दिवसा घोळक्याने पायीच घरी येतात. शनिवारची गाडी पुन्हा उशिरा सोडायला काहीच हरकत नव्हती. कंट्रोलरने हात जोडले आणि तेवढा एक दिवस बदलून दिला. ही बातमी सर दगूआक्काला सांगायला गेले, तर ती म्हणाली, "ते ठीक शे. पन तू वांगा लेवानं बंद नको करू."

इथवर सगळं हसत सांगता येतं. यानंतर प्रबंध आला.

सरांचे मार्गदर्शक जळगावचे एक वयस्क प्राध्यापक होते. सरांसोबत मीही त्यांच्याकडे गेले, संदर्भग्रंथांची यादी दाखवायची होती. माणूस प्रेमळ. त्यांनी आम्हाला केळ्याचे वेफर्स दिले, सरांना दोनदा बसायला सांगितलं, आणि सर खरंच बसले, त्यावरूनच मला कळलं की ते घाबरले आहेत.

"बोरसे," मार्गदर्शक म्हणाले, "तुम्ही संशोधक आहात की कंट्रोलर? नमुन्यातल्या गावात जाऊन तुम्ही परिस्थितीच बदललीत. पहिल्या वर्षी गळती, दुसऱ्या वर्षी गळती नाही. परीक्षक विचारतील, मधे काय झालं?"

"गाडीची वेळ बदलली."

"मग तसं लिहा. वाहतुकीची गैरसोय."

"गाडी तर आधीही होती, सर. मुली तिनेच येत होत्या. मग एकदम का थांबल्या, हे विचारतीलच."

"का थांबल्या?"

सरांचा पाय हलू लागला. मार्गदर्शकांनी तो पाहिला. ते काही भोळे नव्हते. "अंदाज मलाही येतो," ते हळूच म्हणाले. "पण अंदाजावर पदवी मिळत नाही. आयांच्या मुलाखती जोडा परिशिष्टात. गाव, कुटुंब, तारीख. फार मोलाचं काम होईल. असं कोणी लिहिलेलं नाही."

"शब्द दिलाय, सर."

"गावाचं नाव बदला."

"खान्देशात गाव लपत नाही, सर. नदी कुठली, शाळा कितवीपर्यंत, गाडी कधी बदलली, एवढ्यावर तालुका नाव सांगेल. गाव कळलं की पोर कळेल. परिशिष्टात गावांचे तक्ते आहेत ते वेगळेच."

"मग दुसरी वाट. पहिल्या वर्षाची आकडेवारी द्या. त्यात त्यांनीच सांगितलेलं कारण आहे, घरकाम. खोटं तुम्ही काही लिहीत नाही. उपाय म्हणून पालकांचं प्रबोधन सुचवा आणि मोकळे व्हा. आधी पदवी घ्या बोरसे, खुर्चीत बसा, मग काय सांगायचं ते सांगा. लोक ऐकतील तरी."

हा सल्ला वाईट नव्हता. मलाही तो पटला आणि परतताना मी तसं बोलले. सर दांडा धरून उभे होते. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. मग म्हणाले, "बाई, तो प्रबंध तुमच्या कपाटात लागेल. उद्या कोणी अधिकारी तो वाचेल आणि म्हणेल, बघा, आया उदासीन आहेत, बोरसेंनी सिद्ध केलंय. त्या बायांनी पाळीने भाकरी दिली हो."

मी म्हटलं, "मग ते गाव गाळून टाका. बाकीची गावं पुरेशी आहेत."

"विचार केला तोही. पण ते गाव गाळल्यावर बाकीच्या गावांतलं 'घरकाम' मी खरं कसं मानू? तिथेही काही ठरलेलं असेल. मी विचारलं नाही, एवढंच."

पुढची दोन-अडीच वर्षं मला आठवतात ती सरांच्या फेऱ्यांनी. ते पुन्हा बाकीच्या गावांत जात, काही कळलं की डेपोत, पंचायत समितीत, शाळेत जाऊन उभे राहत, आणि प्रत्येक गाव असं हाताने बिघडवून ठेवत. एका शाळेत मुलींसाठी आडोसा झाला. एका गावी अखाजीच्या सणाला माहेरी आलेल्या लेकी शाळेत असताना कुठे अडल्या, ते त्यांनी माझ्याकरवी विचारून घेतलं. यातलं काहीच ते कागदावर आणत नव्हते. मी चिडत असे. मनातल्या मनात, कारण मोठ्याने चिडणं मला जमत नाही. सकाळी ग्रंथालय उघडताना वाटे, आज ते येऊन म्हणतील, लिहायला बसतो. ते येत, खिडकीशी उभे राहत. एकदा वहिनी मला भेटायला आल्या आणि म्हणाल्या, "तुमचं ऐकतात ते. त्यांना म्हणावं, एकदाचं काहीतरी लिहून टाका. झोपेतही पाय हलतो हो त्यांचा."

मी सांगितलं. सर म्हणाले, "तिला काळजी आहे. मलाही आहे. मला का ती खुर्ची नकोय?" आवाज इतका कोरडा होता की पुन्हा मी विषय काढला नाही.

नोंदणीची मुदत संपली. प्राचार्यपदी सरांचा एक जुना विद्यार्थी आला, पीएच.डी. झालेला, चांगला मुलगा. स्वागतसभेत सरांनी भाषण केलं. "शेवटी कोणीतरी त्या खुर्चीत बसायला हवंच होतं," ते म्हणाले, आणि सगळे हसले. नवे प्राचार्य सर्वांत जास्त हसले. त्या दिवशी सभागृहातून बाहेर पडताना सर भिंतीला हात लावून चालत होते, हे मागून येणाऱ्या माझ्याशिवाय कोणी पाहिलं नसावं.

निवृत्तीनंतर थोड्याच वर्षांत हृदयाने त्यांना अंथरुणाला खिळवलं. धुळ्यातल्या दवाखान्यात मी रोज संध्याकाळी जात असे. सरांना आडवं पाहणं मला जड जाई. एक दिवस जळगावहून मार्गदर्शक आले. थकले होते, काठी टेकत आले. जळगावला आता स्वतंत्र विद्यापीठ झालं होतं, तिथे त्यांच्या शब्दाला मान होता.

"बोरसे, बरे व्हा आणि पुन्हा नोंदणी करा," ते म्हणाले. "पदवीसाठी नाही. ते काम राहून जायला नको. इतकी वर्षं झाली. त्या मुलींची लग्नं होऊन गेली असतील, कुठल्या कुठे नांदत असतील. आता लिहायला काय हरकत आहे?"

सरांनी छताकडे पाहिलं. त्यांच्या मनात नव्हतं असं मी म्हणणार नाही. चादरीखाली पाय हलत होता. मग म्हणाले, "त्या पोरींच्या पोरी आता शाळेत जायला लागल्या असतील, सर. त्यांची लग्नं व्हायचीत."

मार्गदर्शकांनी त्यांचा हात हातात घेतला. "बोरसे, मी पुष्कळांना पदव्या मिळवून दिल्या," ते म्हणाले आणि काठी टेकत उठले. तो आठवडा संपायच्या आत सर गेले. पांझराकाठी दहाव्याला खेड्यापाड्यांतून माणसं आली होती. त्यांतल्या बऱ्याच जणांना सर काय शिकवत हे माहीत नव्हतं.

त्यांच्यावर लिहावं असं वाटू लागलं, तशी मी अडले. त्या गावाची गोष्ट न लिहिता त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही उरत नव्हतं, आणि लिहावं तर त्यांनी दिलेला शब्द मोडत होता. शेवटी मी एकटीच त्या गावी गेले. ती आई आता म्हातारी झाली आहे, नातवंडं सांभाळते. सर गेल्याचं तिला कळलं होतं. तिने मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. मी माझी अडचण सांगितली. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "तेन्ही लिखं नही ना?"

"नाही."

"मना एक शब्दकरता?"

मी मान हलवली. तिने डोळे पुसले नाहीत, पदर सारखा केला. "आते तू लिख. पन गावनं नाव नको. पोरीस्नी नावे नको. मनं बी नको."

"आणि सरांचं?"

"तेन्हं लिख," ती म्हणाली. "तेन्हं नाव लिखाले काय हरकत शे?"

म्हणून या लेखात गावाचं नाव नाही, त्या आईचं नाही, दगूआक्काचंही नाव वेगळं होतं. एकच नाव जसंच्या तसं आहे. दौलत नथ्थू बोरसे.